झाड बघून टोकन देऊ नका: मुंबईतल्या शांत, हिरव्या गल्लीत जुना फ्लॅट घ्यायचा क्रम

रविवारी सकाळी एजंटबरोबर पार्ले पूर्वेतला फ्लॅट बघितला. बाल्कनीला टेकून सोनमोहर, गल्लीत चिटपाखरू नाही, वरून कोकिळेची हाक. एजंट हळूच म्हणाला, "संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय." दुपारी लाखाचं टोकन गेलं. सोमवारी वकील शोधायला सुरुवात, मंगळवारी बँकेत फेरी, आणि पंधरा दिवसांनी कळलं की घर विकणाऱ्या काकांच्या दोन बहिणींची सही लागणार आहे आणि त्यातली एक त्यांच्याशी बोलत नाही.

आमच्या नात्यात नि ओळखीत असं पाच-सहा जणांचं झालं. सगळे शिकलेले, हिशोबी. कागद तपासले नाहीत असं कुणाचंच नव्हतं, पण ते पैसे अडकल्यानंतर तपासले. टोकन ही घर घ्यायची पहिली पायरी नाही. खालच्या क्रमात ती सातवी आहे.

हे सगळं जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी आहे. शांत वस्त्यांत बहुतेक घरं तशीच मिळतात. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची तपासणी महारेराच्या संकेतस्थळापासून सुरू होते. तो वेगळा विषय.

## १. घरं बघण्याआधी: पैसे कागदावर मांडा

समजा फ्लॅट २ कोटींचा आहे. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे दीड कोटी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या हिशोबात धरत नाहीत, ते खिशातून. मुंबईत मेट्रो अधिभारासकट मुद्रांक ६ टक्के, म्हणजे १२ लाख. नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का धरली तरी २ लाख, शिवाय वकील आणि सोसायटीचं हस्तांतरण. स्वतःच्या वाट्याचे ५० लाख धरून ६५ लाख हातात हवेत, आणि अजून भिंतीला रंगही लागलेला नाही.

मुद्रांक तुमच्या किमतीवर की सरकारी बाजारमूल्यावर? दोन्हींत जी रक्कम जास्त असेल तिच्यावर. या सरकारी मूल्याचा, म्हणजे रेडी रेकनरचा, दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर विभागवार बघता येतो. जुन्या, गळक्या इमारतीतलं घर स्वस्तात मिळालं की इथे हमखास धक्का बसतो.

घर फक्त बाईच्या, किंवा फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून घातलं की ती गेली. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्यासाठी मालक असावं लागत नाही. पण मालक नसेल तर जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट त्याला मिळत नाही. दोन लाख आज वाचवायचे की वजावट घ्यायची, हे नवरा-बायकोने घरात बसून ठरवा. सब-रजिस्ट्रारच्या बाकावर हा वाद घालणारी जोडपी मी पाहिली आहेत.

तपासा: बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र हातात आहे का? नसेल तर घरं बघायला निघू नका. कर्ज किती मिळणार ते ठाऊक नसताना घर आवडणं महागात पडतं.

## २. वस्ती चार वेळा बघा, एजंटशिवाय

एजंट रविवारी सकाळी अकराला नेतो, कारण त्या वेळी मुंबईतली कुठलीही गल्ली शांत असते. तुम्ही मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला जा, शाळा सुटताना जा, शनिवारी रात्री दहाला जा, आणि जमलं तर जुलैत धो-धो पावसात जा.

गल्लीच्या तोंडाशी लग्नाचा हॉल आहे का, नवरात्रात मैदानात काय असतं, शाळेच्या बस कुठे वळतात, हे सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला काही विकायचं नसतं. पाणी किती वाजता येतं आणि पावसात कुठवर भरतं, हेही तोच सांगेल. इमारतीच्या आवारात पाणी येत नसलं तरी स्टेशनचा रस्ता अंधेरी किंवा मिलन सबवेतून जात असेल, तर वर्षातले काही दिवस तुम्ही घरीच.

पार्ले, कुर्ला, घाटकोपरकडे विमानाच्या आवाजासाठी थांबा. दहा मिनिटं पुरत नाहीत, तासभर तरी. बोरिवली किंवा मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाला लागून घर असेल तर बिबट्याचं घाबरून विचारू नका, कचऱ्याचं विचारा. उघड्या कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो.

आणि एक मोजणी कराच. गल्लीत किती इमारतींना पत्रे लागलेत? किती इमारतींवर बिल्डरचा बोर्ड आहे? एका इमारतीचं पाडकाम-बांधकाम तीन-चार वर्षं चालतं. एकामागून एक तीन इमारती निघाल्या तर शांततेसाठी घेतलेल्या घरात मुलगा पहिलीतून दहावीत जाईपर्यंत खडीचे ट्रक ऐकायचे.

## ३. समोरची हिरवळ कोणाची, ते शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. खिडकीतून दिसणारी झाडं तुमच्या करारात नसतात. ती कुणाच्या तरी जमिनीवर उभी आहेत आणि त्या जमिनीवर उद्या काय बांधता येईल, ते विकास आराखड्यात लिहिलेलं आहे.

आधी जुन्या करारातून नगर भूमापन क्रमांक घ्या. उपनगरात त्याला सीटीएस नंबर म्हणतात, शहरात सीएस नंबर. तो घालून महापालिकेच्या संकेतस्थळावरून डीपी रिमार्क, म्हणजे त्या भूखंडाबद्दल विकास आराखड्यात काय आहे त्याचा दाखला, काढता येतो. आपल्या भूखंडाचा तर काढाच, पण समोरच्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेचाही काढा. त्यात तीन गोष्टी शोधा: आरक्षण (उद्यान, खेळाचं मैदान, शाळा, दवाखाना), रस्तारुंदीची रेषा, आणि क्षेत्राचा प्रकार.

उद्यानाचं आरक्षण असलेली जागा तुलनेने निर्धास्त. पण "मोकळीच तर आहे" अशी निवासी क्षेत्रातली जागा म्हणजे अजून न बांधलेली इमारत. २०३४ च्या आराखड्यात जुन्या ना-विकास क्षेत्रांपैकी काहींचं विशेष विकास क्षेत्र झालं आहे आणि तिथे बांधकामाला वाट आहे. "इथे कधीच काही होणार नाही" हे वाक्य एजंटच्या तोंडून ऐकलं की रिमार्क काढायला जायचं, एवढं लक्षात ठेवा.

रस्तारुंदीची रेषा सोसायटीच्या कंपाउंडमधून जात असेल तर पहिला बळी जातो तो कंपाउंडलगतच्या झाडांच्या रांगेचा, म्हणजे ज्या सावलीसाठी तुम्ही जास्त भाव देताय तिचा.

उद्यानाच्या कडेला घर घेताना आणखी दोन गोष्टी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं; इमारत त्यात येत असेल तर पुनर्विकासाला जादा परवानग्या. आणि मुलुंड, कांदिवलीसारख्या भागांत अनेक सोसायट्यांच्या जमिनींवर "खासगी वन" असा शेरा होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रहिवाशांना दिलासा मिळाला. तरी तुमच्या मालमत्ता पत्रकावरचा (जमिनीच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावरचा) शेरा प्रत्यक्षात निघाला की नाही, हे पत्रकाची ताजी प्रत काढूनच बघा. निकाल लागणं आणि तलाठ्या-सर्व्हेवाल्यांच्या वहीत ओळ खोडली जाणं यांत बरंच अंतर असतं.

पार्ले, सांताक्रूझ, कुर्ल्याच्या विमानतळालगतच्या पट्ट्यात उंचीवर मर्यादा आहे, त्याला फनेल झोन म्हणतात. गल्ली बैठी आणि शांत राहते ती त्यामुळेच. पण पुनर्विकास रखडतो तोही त्यामुळेच. राहायला घेत असाल तर वरदान. "दहा वर्षांत टॉवर होईल" या आशेवर घेत असाल तर दुसरीकडे बघा.

सावधान: आवारातलं झाडही तुमचं नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठी महापालिकेकडे सोसायटीने अर्ज करावा लागतो. मागची छाटणी कधी झाली ते विचारा. पोकळ बुंध्याचा रेन ट्री तुमच्या बेडरूमवर झुकला असेल तर तो देखावा नव्हे.

## ४. इमारत आणि सोसायटी

फ्लॅट सुधारता येतो, सोसायटी नाही. म्हणून आधी सोसायटी.

जमीन कोणाच्या नावावर आहे? मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव हवं. अजून मूळ मालकाचं किंवा बिल्डरचं असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणं, झालेलं नाही. त्याने घर घेणं थांबत नाही, पण मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडून करून घ्यायचा) अर्ज केला आहे का ते विचारा आणि भावात धरा. पत्रकावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं तर जमीन शासनाची; हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. दादर-माटुंग्याकडच्या आखीव वस्त्यांत बरेच भूखंड महापालिकेच्या भाडेपट्ट्याचे आहेत. तिथे पट्टा कधी संपतो ते बघायचं. आणि शहरात "मालकीचंच समजा" असं सांगून पागडीचं, म्हणजे रक्कम मोजून फक्त भाडेकरूचा हक्क मिळणारं, घर दाखवलं तर हातात येते ती भाडेपावती. त्याला या लेखातला क्रम लागू नाही, बँकही सहसा दारात उभी करत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आहे का? जुन्या इमारतींत "सगळ्यांकडेच नसतं हो" असं हसत सांगतात. नसेल तर पाण्याला जादा दर लागतो आणि कर्जाला बँक नाक मुरडते.

स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. अहवालात सी-१ शेरा असेल तर इमारत अतिधोकादायक, रिकामी करण्याजोगी. तिथून हात जोडून निघा.

मग शेवटच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं. विकणाऱ्या सभासदाला ती मागता येतात. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली आहे का, थकबाकीदार किती, वरच्या मजल्याच्या गळतीवरून कुणाची कोर्टबाजी चालू आहे, सगळं तिथे असतं. आमच्या आतेभावाने ताबा घेतला आणि पुढच्याच महिन्यात साडेचार लाखांच्या दुरुस्ती वर्गणीची नोटीस आली. ठराव आठ महिन्यांपूर्वीचा होता. विकणारा खोटं बोलला नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पुनर्विकासाची चर्चा असेल तर विकणाऱ्याने विकासकाबरोबर व्यक्तिगत करारावर सही केली आहे का, आणि बांधकामाच्या काळातलं भाडं नि विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम (कॉर्पस) कोणाला मिळणार, हे तुमच्या करारात स्पष्ट लिहायचं.

पार्किंग: "फ्लॅटबरोबर पार्किंग येतं" यावर विसंबू नका. स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. जागा सोसायटी देते आणि विकणाऱ्याची जागा तुमच्याकडे आपोआप येईलच असं नाही. सोसायटीकडून लेखी घ्या.

## ५. फ्लॅट

इथे लोक जास्त वेळ घालवतात, खरं तर कमी लागतो. कार्पेट एरिया स्वतः टेपने मोजा. संडास-बाथरूमच्या मागच्या भिंती आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत बघा. ताजा रंग फक्त तिथेच असेल तर ओल लपवली आहे. बाल्कनी खोलीत घेतली असेल, भिंत पाडली असेल तर मंजूर नकाशाशी ताडून बघा. बँकेचा माणूसही तेच करणार आहे. झाडांच्या सावलीतल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो का, तेही बघा.

## ६. कागद: आधी वकील, मग पैसा

विकणाऱ्याकडून झेरॉक्स मागा. खरा विकणारा आठवड्यात देतो. जो "टोकनशिवाय कागद दाखवत नाही" म्हणतो, त्याला नमस्कार.

बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करार, मध्ये एकही कडी तुटलेली नको. प्रत्येक करारावर त्या त्या वेळचा मुद्रांक भरलेला आणि दस्त नोंदलेला हवा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश-उतारा, सोबत हवा. शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर) मागच्या बाजूला शेवटचं नाव विकणाऱ्याचंच आहे ना? मालमत्ता कराची, मेंटेनन्सची, विजेची ताजी पावती. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींची तपासणी.

आता जिथे बहुतेक जण अडकतात ते. मूळ मालक वारला असेल आणि मुलगा म्हणत असेल, "मी नॉमिनी आहे, सर्टिफिकेटही माझ्या नावावर झालंय," तर तेवढ्याने तो एकटा मालक होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. सगळे वारस कोण ते लेखी घ्या. मुलींची नावं "त्या लग्न होऊन गेल्या" म्हणून वगळलेली असतात. त्यांचा हक्क लग्नाने जात नाही. प्रत्येकाचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा सगळ्यांनी विक्री करारावर सही करायला हवी. मृत्युपत्र असेल तर पुढे काय लागेल ते वकिलाला विचारा, विकणाऱ्याला नको.

परदेशातल्या मालकाच्या वतीने भाऊ कुलमुखत्यारपत्रावर सही करणार असेल, तर मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला आणि पत्र अजून लागू आहे याची वकिलाकडून खात्री करून घ्या. मालक अनिवासी असेल तर नवव्या टप्प्यातला १ टक्का टीडीएसचा (विकणाऱ्याच्या रकमेतून कापून भरायच्या कराचा) नियमही लागू होत नाही. कपात बरीच जास्त असते.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. एक मराठी, एक इंग्रजी, हरकतीला सहसा १४ दिवस. विकणारा कुरकुरतो, "लोक काय म्हणतील." देऊ द्या कुरकुरायला. रुसलेल्या बहिणी नोटिशीनंतरच फोन करतात, आणि तो फोन टोकनच्या आधी आलेला बरा.

तपासा: वकील तुमचा आहे ना? एजंटने फुकट दिलेला वकील हा एजंटचा वकील.

## ७. आता टोकन

रक्कम लहान ठेवा आणि चेकने किंवा बँकेतून द्या. स्थावर मालमत्तेपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. "थोडे रोखीत" हा आग्रह शांत वस्तीतले सभ्य काकाही करतात. नाही म्हणा, करारात नसलेला पैसा व्यवहार मोडला की परत मागता येत नाही.

पावतीवर चार ओळी हव्यात: एकूण किंमत, करार कधीपर्यंत, कागदांत दोष निघाला किंवा बँकेने मालमत्तेच्या कारणावरून कर्ज नाकारलं तर टोकन पूर्ण परत, आणि किती दिवसांत. सगळ्या मालकांच्या सह्या.

## ८. बँक आणि सोसायटीचं ना-हरकत

बँकेचे वकील आणि मूल्यांकनवाले येतात. बँक कर्ज देतेय म्हणजे कागद चोख, हा गैरसमज आहे. ती स्वतःच्या पैशापुरतं बघते.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत आहेत. बाकी रकमेचं पत्र आणि तिथल्या कागदांची यादी आधी मागवा. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. करारातल्या तारखा त्या हिशोबाने ठेवा.

सोसायटीचं ना-हरकत बँकेच्या नमुन्यात लागतं. याच वेळी "ऐच्छिक देणगी"चा विषय निघतो. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार रुपये. त्यावर मागितलं तर लेखी मागा. लेखी सहसा कुणी देत नाही.

## ९. करार, मुद्रांक, नोंदणी

कराराचा मसुदा दोन दिवस घरी ठेवून वाचा. नावं आधार-पॅनप्रमाणे, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, सीटीएस नंबर, पार्किंग. इंडेक्स टूमध्ये चूक छापली गेली की चूकदुरुस्ती पत्रासाठी विकणाऱ्याला पुन्हा आणावं लागतं, आणि तोवर तो मुलीकडे पुण्याला राहायला गेलेला असतो.

मुद्रांक ऑनलाइन भरा, सह्या त्यानंतर. मुंबईतल्या कुठल्याही सब-रजिस्ट्रार कार्यालयात दस्त नोंदवता येतो. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त हजर करावा लागतो, पण त्याच दिवशी उरका. मूळ पॅन-आधार आणि दोन साक्षीदार सोबत हवेत.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. तो वरचा खर्च नाही, विकणाऱ्याच्या रकमेतूनच जातो. दोन घेणारे, दोन विकणारे असतील तर प्रत्येक जोडीचं विवरण वेगळं. पैसे दिलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरलं नाही तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क चढत जातं. मीही हे एकदा विसरलो आहे.

सावधान: पूर्ण रक्कम आणि ताबा एकाच दिवशी. "सामान पडू दे, महिनाभरात किल्ली देतो" हे चालायचं नाही.

## १०. ताब्यानंतरचे दोन महिने

ताब्याचं पत्र घ्या, मीटरचे आकडे दोघांच्या सह्यांनी लिहा, आणि त्याच संध्याकाळी लॅच बदला.

बँक मूळ करार ठेवून घेते. त्याआधी संपूर्ण दस्त स्कॅन करा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. वीज आणि गॅस नावावर करा. वीज कंपनी भागाप्रमाणे बदलते, मुलुंड-भांडुपला महावितरण आहे. महापालिकेत मालमत्ता कराचं बिल नावावर करायचा अर्ज द्या.

सोसायटीत हस्तांतरणाचा पूर्ण संच द्या: विकणाऱ्याचा राजीनामा, तुमचा सभासदत्वाचा अर्ज, नोंदणीकृत कराराची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट. पोच घ्या. समितीच्या बैठकीची तारीख विचारून ठेवा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करा. सर्टिफिकेटच्या पाठीमागे तुमचं नाव, तारीख, सेक्रेटरी-चेअरमनची सही आणि शिक्का आला की त्याचा फोटो काढून बँकेला पाठवा, आणि ज्या फाईलमध्ये पहिल्या दिवशीचा डीपी रिमार्क ठेवला होता त्याच फाईलमध्ये प्रत लावून टाका.